महापूर अनेक, जलप्रलय एकही नाही

पूर्वपक्ष

जगाच्या पाठीवर कुठेही जा, तिथल्या लोकांकडे जलप्रलयाची एक कथा सापडतेच. बॅबिलोनच्या मातीच्या पाट्यांवर ती आहे, बायबलात आणि कुराणात आहे, आपल्या शतपथ ब्राह्मणात आणि पुराणांत आहे, ग्रीकांकडे आहे, मेक्सिकोत आहे, पॅसिफिकच्या बेटांवरही आहे. एकमेकांचे तोंडही न पाहिलेल्या माणसांनी एकच कथा रचावी, हा योगायोग कसा असेल? ज्या अर्थी सगळ्यांना आठवते, त्या अर्थी ते घडलेच असले पाहिजे. हा युक्तिवाद कीर्तनात ऐकू येतो, दिवाळी अंकांत छापून येतो आणि यूट्यूबवर तर त्याला तोटाच नाही. कथांची संख्या सांगणाऱ्यागणिक बदलते. कुणी दोनशे म्हणतो, कुणी पाचशे. निष्कर्ष मात्र ठरलेला.

हे मत भाबड्यांचे म्हणून त्याची बोळवण करणे बरे नव्हे. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीचे संस्थापक सर विल्यम जोन्स यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस भागवतातला सत्यव्रत आणि बायबलमधला नोहा एकच असल्याचे मांडले. लोकमान्य टिळकांनी १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आर्क्टिक होम इन द वेदाज’मध्ये मनूचा जलौघ आणि इराण्यांच्या यिमाची कथा एकत्र ठेवून दोहोंमागे हिमयुगातला एकच संहार पाहिला. १९९८ साली विल्यम रायन आणि वॉल्टर पिटमन या अमेरिकन भूशास्त्रज्ञांनी काळ्या समुद्रात भूमध्य समुद्राचे पाणी घुसण्याच्या घटनेला नोहाचा पूर ठरवणारे पुस्तक लिहिले. म्हणजे या मताला धार्मिक पाठ आहे तसा वैज्ञानिक पाठही आहे. पहिला म्हणतो, सारी पृथ्वी बुडाली. दुसरा म्हणतो, सारी नाही, पण जे बुडाले त्याची आठवण साऱ्या जगाने जपली.

दोन्ही पाठांचा पाया एकच आहे: कथा सर्वत्र आहे, सर्वत्र सारखी आहे, आणि जिथे आहे तिथे ती स्वतंत्रपणे उपजली आहे. ही तीनही विधाने तपासल्यावर टिकत नाहीत, असे या लेखाचे म्हणणे आहे.

उत्तरपक्ष

आधी ‘सर्वत्र’ हा शब्द घेऊ. इजिप्तसारखी प्राचीन, लेखनकुशल आणि नदीकाठची संस्कृती दुसरी सापडणे कठीण. पण तिच्याकडे जग बुडवणाऱ्या पुराची कथा नाही. मनुष्यजातीच्या संहाराची कथा आहे, आणि ती मुद्दाम पाहण्यासारखी आहे. म्हातारा झालेला सूर्यदेव रे माणसांवर रुष्ट होतो आणि आपल्या नेत्राला, म्हणजे देवी हाथोरला, त्यांच्यावर सोडतो. ती इतकी चेकाळते की एकही माणूस उरू नये. मग देवालाच पश्चात्ताप होतो. तो बिअरमध्ये लाल रंग मिसळून ती रात्रीतून शेतांवर ओतवतो. देवी ते रक्त समजून पिते, झिंगते आणि माणसे वाचतात. शेतात पसरलेल्या प्रवाहाने इथे माणसाला तारले आहे, मारलेले नाही.

जेम्स फ्रेझर यांनी १९१८ साली जुन्या करारातील लोककथांवर लिहिलेल्या ग्रंथात जगभरच्या पूरकथा गोळा केल्या. या विषयावरचे ते आजही मोठे भांडार आहे आणि एकाच महापुराच्या बाजूने बोलणारे त्यातूनच उदाहरणे उचलतात. मात्र आफ्रिकेत अस्सल देशी पूरकथा जवळजवळ मिळत नाहीत आणि जपानच्या प्राचीन ग्रंथांत जगबुडी नाही, हे फ्रेझर यांनीच नोंदवले आहे, याचा ते उल्लेख करत नाहीत. मानवजातीचा उगम ज्या खंडात झाला तिथेच मानवजातीची सर्वांत जुनी आठवण नसावी, हे कोडे पूर्वपक्षाने सोडवलेले नाही.

आपल्याकडेही तेच. ऋग्वेदात मनू आहे, नौका आहेत, आपः आहेत, इंद्राने मोकळे केलेले प्रवाह आहेत; पण मत्स्य आणि जलौघ यांची कथा नाही. ती पहिल्यांदा सविस्तर भेटते शतपथ ब्राह्मणात. इराण्यांच्या वेंदिदादमध्ये अहुर मज्द यिमाला सावध करतो तो भयंकर हिवाळ्याबद्दल. यिमा नौका बांधत नाही. तो ‘वर’ नावाचे आवार बांधतो आणि त्यात उत्तमोत्तम माणसे, गुरे, वनस्पतींची बीजे ठेवतो. पूर्वसूचना, आसरा, बीजरक्षण आणि नवी सुरुवात हा सगळा सांगाडा इथे आहे. फक्त आपत्ती थंडीची आहे. टिळकांच्या मर्मग्राही नजरेला हा फरक दिसला होता. मात्र त्यांनी तो मिटवण्यासाठी मनूच्या पाण्यालाही बर्फाकडे ओढले. शतपथात बर्फाचा मागमूस नाही. तिथे पाणी आहे, नाव आहे, दोर आहे. आपत्ती बदलली तरी सांगाडा तसाच राहतो, याचा सरळ अर्थ असा की सांगाडा हा कथनाचा आहे. त्यावरून घटनेचा पुरावा काढता येत नाही.

आता ‘सारखी’ या शब्दाकडे वळू. चीनच्या कथेत देवाचा कोप नाही, नौका नाही, एकमेव वाचलेला माणूस नाही. राजा याओच्या काळात पाणी ओसरेनासे होते. गुन नावाचा अधिकारी बांध घालून ते अडवू पाहतो आणि फसतो. त्याचा मुलगा यू बांधांचा नाद सोडून कालवे काढतो, नद्यांचे मार्ग मोकळे करतो. इतिहासकार सिमा छ्येन सांगतो की यू तेरा वर्षे राबला आणि स्वतःच्या घराच्या दारावरून जातानाही आत शिरला नाही. त्यातूनच तो राजा होतो आणि श्या घराण्याची स्थापना होते. या कथेत जग संपत नाही; उलट राज्य सुरू होते. ॲझटेकांच्या परंपरेत आजच्या आधीची चार जगे नष्ट झाली: एक जग्वारांनी, एक वाऱ्याने, एक अग्निवर्षावाने आणि एक पाण्याने. पाण्याचे जग बुडाले तेव्हा माणसे मासे झाली. चारांतला पाण्याचा प्रलय तेवढा उचलायचा आणि यादीत घालायचा, मग बाकीच्या तिघांचे काय करायचे? जग्वारांनी खाल्लेले जगही खरेच होऊन गेले, असे कुणी म्हणत नाही.

याद्या वाढतात त्या अशा. पाणी, बुडणे आणि कुणीतरी वाचणे एवढे दिसले की कथा यादीत पडते. पण पाणी काय, माणूस नदीकाठीच राहतो. बुडणे हा त्याच्या रोजच्या भीतीचा विषय. आणि कुणी वाचलेच नाही तर कथा सांगणार कोण? इतका सैल निकष लावला तर सारखेपणा सापडणारच.

ज्या कथा खरोखर सारख्या आहेत त्यांचा सारखेपणा वेगळ्या कारणाने आहे. ३ डिसेंबर १८७२ रोजी लंडनमध्ये जॉर्ज स्मिथ यांनी निनवेच्या राजग्रंथालयातल्या पाट्यांवरची पूरकथा वाचून दाखवली. श्रोत्यांत पंतप्रधान ग्लॅडस्टन होते. गिल्गमेश काव्याच्या अकराव्या पाटीत उत्नपिश्तिम नौका बांधतो, प्राणी आत घेतो, नौका डोंगराला लागल्यावर कबुतर, पाकोळी आणि कावळा सोडून पाहतो, आणि उतरल्यावर अर्पण करतो तेव्हा देवांना त्याचा वास येतो. नोहा कावळा आणि कबुतर सोडतो, आणि त्याच्या अर्पणाचा सुवासही देवाला पोहोचतो. पक्षी सोडण्यापर्यंतचे तपशील जुळतात तेव्हा दोन लोकांनी एकच पूर पाहिला असे ठरत नाही. एकाने दुसऱ्याची कथा ऐकली असे ठरते. सुमेरच्या झिउसुद्रापासून अक्कडच्या अत्रहासिसपर्यंत, तिथून उत्नपिश्तिम आणि नोहापर्यंत हा एकच वंश आहे. पीटीआयची एकच बातमी पन्नास वर्तमानपत्रांनी छापली म्हणून पन्नास वार्ताहर घटनास्थळी होते असे आपण म्हणत नाही. इथेही म्हणू नये.

मग आपली मत्स्यकथा? तिचा आणि पश्चिम आशियाचा संबंध असेल किंवा नसेल. विद्वानांत त्यावर दीडशे वर्षे मतभेद आहेत. मला महत्त्वाची वाटते ती या कथेची आपल्याच परंपरेतली वाढ. शतपथात मनू सकाळी हात धुतो आणि ओंजळीत एक लहानसा मासा येतो. मोठे मासे मला गिळतील, मला वाढव, मी तुला तारीन, असे तो म्हणतो. मनू त्याला आधी कुंभात, मग खड्ड्यात, मग समुद्रात ठेवतो. सांगितलेल्या वर्षी पाणी येते, मनू नौकेचा दोर माशाच्या शिंगाला बांधतो, मासा त्याला उत्तरगिरीकडे नेतो. मनू एकटाच वाचतो. माशाचे देवत्व सांगितलेले नाही, कुणाचे पाप नाही, सप्तर्षी नाहीत, बीजे नाहीत, जनावरे नाहीत. महाभारताच्या वनपर्वात सप्तर्षी आणि सर्व बीजे नौकेत चढतात आणि मासा स्वतः ब्रह्मा असल्याचे सांगतो. मत्स्यपुराणात तो विष्णू होतो. भागवतात नायक द्रविडदेशीचा सत्यव्रत राजा होतो, कृतमाला नदी येते आणि वेद चोरणारा हयग्रीव दैत्यही जोडला जातो.

कथा जर प्रत्यक्ष घटनेची आठवण असेल तर जितके मागे जावे तितका तपशील भरीव आणि साम्य ठळक असायला हवे. इथे उलटे आहे. सर्वांत जुनी कथा सर्वांत बारीक आणि नोहापासून सर्वांत दूर. नवी कथा सर्वांत भरघोस आणि नोहाच्या जवळ. ग्रीकांकडेही हेच घडते. पुरातून वाचलेल्या ड्युकॅलियनच्या जुन्या कथेत प्राण्यांच्या जोड्या नाहीत. त्या येतात लुशियनच्या लेखनात, आणि लुशियन सांगत असतो ते सीरियातल्या एका देवळाविषयी.

‘स्वतंत्रपणे’ या तिसऱ्या शब्दाची सर्वांत मोठी फजिती बनारसमध्ये झाली. कंपनी सरकारच्या सेवेतले फ्रान्सिस विल्फर्ड पुराणांत बायबल आणि ग्रीक-इजिप्शियन दंतकथांचे दुवे शोधत होते. त्यांनी एक पंडित नेमला आणि आपण काय शोधतो आहोत ते त्याला आधीच सविस्तर सांगितले. मग पुराणाचा उतारा हाती आला तो असा: सत्यव्रताला तीन मुलगे, ज्यापती, चर्म आणि शर्म, राजा मद्य पिऊन विवस्त्र पडला, चर्म हसला, राजाने त्याला शाप दिला. नोहा आणि त्याचे शेम, हाम, जेफेथ हे तीन मुलगे संस्कृतात जसेच्या तसे! विल्फर्डचा लेख १७९० च्या दशकात ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये छापला गेला, खुद्द जोन्स यांनी पोथी पाहून त्याला दुजोरा दिला, आणि युरोपभर आनंदीआनंद झाला. पुढे विल्फर्डला पोथ्यांत खाडाखोड, बदललेली नावे आणि घुसडलेली पाने सापडली. पंडिताने गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे माल पुरवला होता. १८०५ मध्ये विल्फर्डने त्याच नियतकालिकात फसवणूक झाल्याचे जाहीर केले. त्याचे हे धैर्य मोठे. पण खोट्या उताऱ्याचा प्रवास त्यानंतरही बराच काळ चालू राहिला.

मिशनऱ्यांनी टिपलेल्या कथांचेही असेच. दक्षिण आफ्रिकेत दीर्घकाळ राहिलेल्या रॉबर्ट मोफात यांना तिथल्या लोकांकडे पुराची कथा कधीच ऐकू आली नव्हती. एका माणसाने ती सांगितली आणि ती वाडवडिलांकडून आल्याची ग्वाही दिली. चौकशीअंती कळले की आधी येऊन गेलेल्या दुसऱ्या एका मिशनऱ्यानेच ती त्याला सांगितली होती. तो माणूस खोटे बोलत नव्हता. ऐकलेली गोष्ट काही वर्षांत आपली होते. तोंडी परंपरेचा तो स्वभावच आहे. फ्रेझर यांनी नोंदवलेल्या भिल्लांच्या कथेत मासा सावध करतो तो एका धोब्याला, कारण धोबी नदीत कपडे धुताना माशांना खाऊ घालत असतो. धोबी पेटीत बसतो ते बहीण आणि कोंबडा घेऊन. ही कथा पुराणातून रानात गेली की रानातून पुराणात आली, हे आज ठरवता येत नाही. पण तिला स्वतंत्र साक्ष म्हणून वेगळा आकडा देता येत नाही, हे मात्र ठरते.

आता खुद्द जमीन काय सांगते ते पाहू. डोंगरावर शिंपले सापडतात, म्हणजे डोंगर बुडाले होते, हा जुना युक्तिवाद. आपल्या देवघरातला शाळिग्राम हे त्याचे उत्तम उदाहरण: नेपाळातल्या काळी गंडकीच्या पात्रात मिळणारा हा दगड म्हणजे समुद्री प्राण्याचा जीवाश्म आहे. एव्हरेस्टच्या माथ्यावर समुद्रतळाचा चुनखडक आहे, सुमारे ४५ कोटी वर्षे जुना. पाणी तिथवर चढलेले नाही. समुद्रतळ वर उचलला गेला आहे, कारण भारतीय भूखंड सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला धडकू लागला. लिओनार्दो दा विंचीने तर भूशास्त्र जन्मायच्या आधी प्रश्न विचारला होता: मातीत सरकत जाणारे शिंपले चाळीस दिवसांत समुद्रापासून अडीचशे मैल आत पोहोचतील कसे?

पुढे विल्यम बकलंड आणि ॲडम सेजविक हे दोघे इंग्रज धर्मोपदेशक, आणि तितकेच निष्णात भूशास्त्रज्ञ, जलप्रलयाचे पुरावे गोळा करायला निघाले. पुराव्यांनीच त्यांना परतवले. सेजविक यांनी १८३१ मध्ये जिऑलॉजिकल सोसायटीच्या अध्यक्षीय भाषणात जुने मत जाहीरपणे मागे घेतले आणि बकलंड यांनी १८३६ च्या ग्रंथात तेच केले. म्हणजे जागतिक जलप्रलयाचे खंडन नास्तिकांनी केले हा समज चुकीचा आहे. ते चर्चमधल्या माणसांनी केले.

त्यानंतरचा पुरावा तर निर्विवाद आहे. अंटार्क्टिकातल्या बर्फाच्या गाभ्यात ८ लाख वर्षांचे थर सलग आहेत. मध्य युरोपातल्या ओक आणि पाइन वृक्षांच्या वर्षवलयांची मालिका सुमारे १२,००० वर्षे अखंड जाते. जगातला सगळा बर्फ आज वितळला तरी समुद्र ७० मीटरच्या आसपास चढेल; एव्हरेस्टची उंची ८,८४९ मीटर आहे. आर्चबिशप अशर यांनी काढलेले जलप्रलयाचे वर्ष इसवी सनपूर्व २३४८ घेतले तर तेव्हा गिझाचे पिरॅमिड उभे होते आणि मोहेंजोदडो भरभराटीत होते. दोन्हीकडे त्या वेळी जीवन खंडित झाल्याची खूण नाही.

धार्मिक पाठ इथे संपतो. वैज्ञानिक पाठ अधिक सावध आहे, म्हणून त्याचे उत्तरही अधिक बारकाईने द्यायला हवे. १९२८-२९ च्या हंगामात पुरातत्त्वज्ञ लेनर्ड वूली यांना सुमेरमधल्या उर इथे मानवी वस्तीच्या थरांमध्ये आठ ते अकरा फूट जाडीचा स्वच्छ गाळ लागला. हाच तो पूर, अशी बातमी जगभर गेली. पण उरपासून पंचवीस किलोमीटरच्या आत असलेल्या एरिडूत तो गाळ नाही. किश आणि शुरुप्पाक इथे गाळ आहे. तो उरच्या गाळापेक्षा कित्येक शतके नंतरचा आहे. म्हणजे अनेक गावे अनेक वेळा बुडाली. काळ्या समुद्राचेही तसेच. सुमारे साडेसात हजार वर्षांपूर्वी तिथे अचानक धबधबा कोसळला की पाणी हळूहळू वाढले, समुद्राची पातळी ८० मीटर खाली होती की ३०, यावर भूशास्त्रज्ञांत आजही वाद आहे. अचानक कोसळला असे मानले, तरी त्या किनाऱ्यावरून सुमेरपर्यंत कथा कुणी आणि कशी नेली, याचा एकही दुवा मिळालेला नाही.

राहिला हिमयुगाचा मुद्दा. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटर खाली होता आणि बर्फ वितळल्यावर वर आला, हे खरे. पण किती वेगाने? सर्वांत वेगवान टप्प्यात, सुमारे साडेचौदा हजार वर्षांपूर्वी, वर्षाला चार-पाच सेंटिमीटर. या चढण्यातून प्रलयकथा आली असेल, तर ज्या किनाऱ्याने पुष्कळ जमीन गमावली तिथे ती ठसठशीत असायला हवी. असा एक किनारा आपलाच आहे. मुंबईसमोर उथळ समुद्रतळाची पट्टी सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे. हिमयुगात ती कोरडी जमीन होती. तेरा हजार वर्षांत ती बुडाली असे धरले तर ढोबळ हिशेबाने किनारा वर्षाला वीस-पंचवीस मीटर आत सरकत होता. १८७८ मध्ये मुंबईत प्रिन्सेस डॉक खोदताना गाळाखाली जुन्या अरण्यातल्या झाडांचे बुंधे जागच्या जागी उभे सापडले. जमीन बुडाल्याचा याहून ढळढळीत पुरावा कोणता?

आणि या किनाऱ्याने सांगितलेली कथा कोणती? परशुरामाने बाण सोडून समुद्राला मागे हटवले आणि कोकण वर आणले! चिपळूणजवळच्या परशुरामापासून गोव्यातल्या बाणावलीपर्यंत आणि तिथून केरळापर्यंत हीच कथा आहे. जिथे समुद्राने एवढी जमीन घेतली तिथले लोक समुद्राने जमीन दिल्याचे सांगतात. यावर कुणी म्हणेल, अलीकडच्या काही हजार वर्षांत समुद्र काही मीटर उतरला, त्याची ती आठवण असेल. पण मग पाणी चढल्याची कथा दिसली की चढलेल्या समुद्राचा दाखला द्यायचा आणि हटल्याची दिसली की उतरलेल्या समुद्राचा. असा सिद्धान्त कधीच खोटा ठरत नाही, आणि म्हणूनच तो काही सिद्धही करत नाही.

पूर्वपक्षाचा सर्वांत बळकट पुरावा ऑस्ट्रेलियातून येतो, तोही टाळू नये. पॅट्रिक नन आणि निकोलस रीड यांनी २०१६ च्या सुमारास तिथल्या आदिवासींच्या २१ किनारी ठिकाणांच्या कथा मांडून दाखवले की त्यांत सात हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या समुद्रवाढीची आठवण असावी. पण त्या कथा वाचाव्यात. न्गुरुंदेरी हा पूर्वज पळून गेलेल्या आपल्या बायकांचा पाठलाग करतो. त्या पायी कांगारू बेटाकडे निघालेल्या असतात. तो समुद्राला चढायला सांगतो, त्या बुडतात आणि खडक होऊन राहतात. बेट ठाऊक, वाट ठाऊक, खडक ठाऊक. जग बुडाले असे यात कुठेच नाही. खरी दीर्घ स्मृती जिथे टिकली असेल तिथे ती अशी गावठिकाणासह टिकते. एकाच महापुराच्या मताला या कथांनी बळ मिळत नाही. त्या त्याच्या विरोधात जातात.

सिद्धान्त

खंडन झाले की मंडन करायला हवे. नाहीतर कथा खोट्या ठरवून हात झटकल्यासारखे होईल. माझे म्हणणे असे: पूर खरे आहेत, ते स्थानिक आहेत, आणि कथाकाराने त्या पुरातून सांगितले ते त्याच्या समाजाला सर्वाधिक छळणाऱ्या प्रश्नाचे उत्तर.

सुमेर आणि इजिप्त शेजारी ठेवले की हे स्वच्छ दिसते. नाईलला पूर येई तो सुगी संपल्यावर, पेरणीआधी, ठरल्या वेळी. टायग्रिस आणि युफ्रेटिस चढत वसंतात, पीक कापणीला आलेले असताना, आणि सपाट मैदानात पाणी कुठे शिरेल याचा नेम नसे. एका नदीचा पूर अन्न देई, दुसऱ्यांचा ते हिरावून नेई. म्हणून एका देशात प्रलयकथा नाही आणि दुसऱ्या देशात ती राजावळीच्या मधोमध रेघ होऊन बसली: हे राजे पुराआधीचे, हे पुरानंतरचे.

तरी अत्रहासिसच्या कथेचा विषय पूर नव्हे. देवांचे कष्ट उपसायला माणसे निर्माण होतात, ती भरमसाट वाढतात, त्यांच्या गोंगाटाने एन्लिल देवाची झोप मोडते. तो रोगराई पाठवतो, दुष्काळ पाठवतो आणि शेवटी पूर. पुरानंतर अर्पण करणारे कुणी न उरल्याने देवच उपाशी मरू लागतात. मग तोडगा निघतो: काही स्त्रियांना मूल होणार नाही, काही बाळे राक्षसी उचलून नेईल, काही स्त्रिया व्रतस्थ राहतील. माणूस का मरतो आणि मूल का दगावते, हा प्रश्न या पाटीवर आहे. नोहाच्या कथेत तोच पूर पापाचे शासन होतो आणि करारापाशी संपतो, कारण सांगणाऱ्यांना एका देवाचा न्याय सांगायचा आहे. शतपथातला पूर दर्शपूर्णमास यागातल्या इडेच्या विधीची उपपत्ती सांगण्यासाठी आला आहे. पाणी ओसरल्यावर मनू तूप, दही यांची आहुती पाण्यात देतो, त्यातून वर्षभराने इडा प्रकट होते आणि तिच्यापासून प्रजा होते. कथेचा भर नौकेवर नाही, इडेवर आहे. यूच्या कथेत प्रश्न राज्य करण्याच्या हक्काचा आहे, आणि उत्तर आहे: जो पाण्याला वाट देतो तो राजा.

या चारही कथा एका पुरात कोंबल्या की चारही मुक्या होतात. मूल गेलेल्या आईचे समाधान, यज्ञविधीचे कारण, एका देवाचा न्याय, राजाचा अधिकार हे सगळे पुसून फक्त ‘पाणी आले होते’ एवढेच उरते. सर्व संस्कृतींचा आदर म्हणून केलेला हा हिशेब खरे तर एकाही संस्कृतीचे म्हणणे ऐकून घेत नाही. आणि तो करणाऱ्याला अखेर हवा असतो तो आपल्याच ग्रंथाला दाखला, मग तो ग्रंथ बायबल असो की पुराण.

म्हणून वाचकांना विनंती एवढीच. जगभर जलप्रलयाच्या इतक्या कथा आहेत असे कुणी सांगू लागला की आकड्याने दबून जाऊ नका. त्यातली एक कथा घ्या आणि विचारा: ती कुणी सांगितली, कुणी टिपली, कधी टिपली, आणि तिच्यात नेमके बुडाले काय? या प्रश्नांची उत्तरे देता देता पाचशेचा आकडा झरझर खाली येईल. जे शिल्लक राहतील ते अनेक देशांचे, अनेक काळांचे, अनेक नद्यांचे पूर असतील. साऱ्या पृथ्वीचा एक पूर त्यांत नसेल.